लंकामावशीची अंधारी खोली

तुमच्या घरातलं साडेतीन वर्षांचं लेकरू रात्री झोपल्यावर तास-दीड तासानं एकदम किंचाळत उठून बसलं, डोळे सताड उघडे पण समोरची आई ओळखू येत नाही, अंग घामानं निथळतंय, छाती धडधडतेय आणि ते जिवाच्या आकांतानं हातपाय झाडतंय... तर तुम्ही पहिला संशय कोणावर घ्याल? घाईघाईनं ‘कोणावरच नाही’ म्हणू नका. माझा विश्वास बसणार नाही. नाव येतंच मनात. शेजारणीचं, जावेचं, परवा लेकराकडं टक लावून उभ्या राहिलेल्या एखाद्या बाईचं. माझ्याही मनात एक नाव आलं होतं. ते होतं लंकामावशीचं. तिला जाऊन आता सव्वा महिना झाला.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी जालन्यात, जिथं काम करते त्या छापखान्यात, एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होते. “लंकामावशी गेली,” वहिनी म्हणाली. “जेवून हात धुवायला उठली, मोरीपाशी बसली ती बसलीच.” त्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? “कोणी काही बोललं होतं का तिला?” मग वहिनी शांतपणे म्हणाली, “आता कोणी काय बोलायचं राहिलं होतं का?”

दुसऱ्या दिवशी हसनाबादला, आमच्या गावी गेले. मावशीच्या ओसरीवर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. “लेकरांची लई माया व्हती बाईला,” एकजण म्हणाली. दुसरीनं पदर डोळ्यांना लावला. मी भिंतीला टेकून त्यांचे चेहरे बघत होते, आणि मनात आलं ते चांगलं नव्हतं. ह्या बाईनं आपला नातू मावशीकडून काढून घेतला होता. हिनं तर मावशीच्या दारावरून जाताना लेकराचं तोंड पदरानं झाकलं होतं. आता ह्या रडतायत... खरंच रडतायत का? पण मग मीही तिथं उभीच होते की. त्यांना तसं करायला शिकवणारं पत्रक मीच काढलं होतं. सांगायचंच तर तिथून सांगायला पाहिजे.

लंकामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, माझ्या आईचंही तिथलंच, एवढ्या नात्यावर ती आमची मावशी. नवरा गवंडीकाम करायचा, तो लवकर वारला. मुलगा ट्रॅक्टरवर जातो, सून रंजना घरी असते. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की गावातल्या बायांबरोबर मावशीही रानात जायची. एका वर्षी वेचणी चालू असताना तिच्या जावेचं दोन वर्षांचं लेकरू बांधावरच्या सावलीतून उठून चालत गेलं आणि विहिरीच्या काठावर आत पाय सोडून बसलेलं दिसलं. हाक मारली असती तर दचकलं असतं. मावशी म्हणे मागून रांगत रांगत गेली आणि कमरेला धरून त्याला उचललं. दुसऱ्या दिवसापासून ती रानात गेली नाही. “तुम्ही वेचा माय,” ती बायांना म्हणाली, “लेकरं माझ्यापाशी टाका.” तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत तिच्याकडं आठ-दहा लेकरं असायची. कोणी त्याबद्दल ज्वारी द्यायचं, कोणी भाजी, कोणी नुसतंच “मावशी, बरं झालं तू हायेस” म्हणायचं.

तिनं प्रत्येक लेकराचं बारसं नव्यानं केलं होतं. एक गुबगुबीत पोरगा सगळ्यांच्या पुढं बसायचा, तो सरपंच. दुसऱ्यांच्या वस्तू आपल्या चड्डीत लपवणारा तलाठी. माझ्या भावाची मुलगी आराध्या, म्हणजे आमची आरू, हिची आई शाळेत शिकवते म्हणून ती मास्तरीणबाई. दुपारी जेवणं झाली की मावशी आतल्या खोलीत जायची. त्या खोलीला खिडकी नाही, दाराला गोणपाटाचा पडदा. तिथं ती आडवी व्हायची आणि सांगायची, “हे बघा, मला लई झोप आली. मी झोपते, तुम्ही माझ्यावर ध्यान ठेवा. चोर आला तं जल्दी उठवा.” सगळी लेकरं मोठ्या जबाबदारीनं तिच्याभोवती पहारा द्यायला बसायची. अंधारात, गारव्यात, हलायचं नाही, बोलायचं नाही. पहिला सरपंच आडवा व्हायचा. मग बाकीचे. अर्ध्या घटकेत सगळा पहारा घोरायला लागायचा.

हे सगळं मला नंतर रंजनानं सांगितलं. आधी मला ते माहीत नव्हतं, आणि खरं म्हणजे माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

आमच्या घराविषयी थोडं सांगावं लागेल. माझे वडील अण्णा शाळामास्तर होते आणि आयुष्यभर पत्रकं काढत आले. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, उताऱ्याच्या लिंबांविरुद्ध. आमच्याकडं पलंगाखाली धान्याची पोती नसायची, पत्रकांचे गठ्ठे असायचे. ‘जागे व्हा’ हे मला लिहिता आलेलं पहिलं वाक्य. दादानं तिसरीत असताना कारल्याच्या भाजीविरुद्ध पत्रक काढून ते स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं होतं, आणि आईनं त्याच दाराला उत्तर चिकटवलं होतं. थोडक्यात, घरात काही खुपलं की आम्ही ते आधी लिहायचो. विचारायचं नंतर... किंवा विचारायचंच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वेचणीत आरूला ते सुरू झालं. मी तेव्हा परीक्षेच्या अभ्यासासाठी घरीच होते. आधी तिला चार दिवस ताप होता, तो उतरला, आणि त्यानंतर एका रात्री तिनं अशी किंकाळी फोडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी धावत गेले. ती अंथरुणात उभी होती. डोळे उघडे, पण नजर आमच्या पार मागं कुठंतरी. वहिनी म्हणत होती, “आरू, मी मम्मी, बघ ना, मम्मी...” आणि ती वहिनीलाच लाथा मारत होती. दादानं तिचे हात धरले, मी पाय धरले, आईनं डोक्यावर हात दाबला. “सोड! सोड!” ती ओरडत होती. आम्ही आणखी घट्ट धरलं. दहा-बारा मिनिटांनी ती अचानक सैल पडली आणि गाढ झोपली. सकाळी उठून तिनं दूध मागितलं. रात्रीचं तिला काहीच आठवत नव्हतं.

तीन दिवसांनी पुन्हा तसंच. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. “कोणाची तरी लागली लेकराला,” ती म्हणाली. मी तिच्यावर केवढी तुटून पडले! अण्णांच्या घरात राहून नजर मानतेस? कोणाची तरी म्हणजे कोणाची, पुरावा काय? आणि मी त्याच रात्री वहीत लिहिलं : दिवसा मूल कुठं असतं? कोणाकडं असतं? ‘सोड’ असं ते कोणाला म्हणतं? तुम्ही ओळखलं असेलच. आईला जे हवं होतं तेच मलाही हवं होतं... एक माणूस, ज्याच्यामुळं हे होतंय. आईच्या संशयाच्या हातात मीठ होतं, माझ्या संशयाच्या हातात पेन. फरक तेवढाच.

मी आरूला मांडीवर घेऊन चौकशी केली. “मावशी तुला भीती घालते का?” “हो.” “अंधारात बसवते?” “हो.” “तुला धरून ठेवते?” “हो.” दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता मावशीच्या घरी गेले आणि गोणपाट बाजूला केलं. आत मिट्ट काळोख. लेकरं ओळीनं पडलेली, एकही हलत नव्हतं. इतकी शांत लेकरं असतात का कुठं? ह्यांना काही पाजलं तर नाही? मग डोळे सरावल्यावर दिसलं ते बघून तर माझी खात्रीच पटली. सगळ्यांत लहान लेकराच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती, आणि तिचं दुसरं टोक मावशीच्या पायाच्या अंगठ्याला. मावशीनं डोळे किलकिले करून माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला ते लपवाछपवीचं बोट वाटलं. मी एक शब्दही न विचारता परत फिरले. एक शब्द विचारला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं.

पत्रकाचा मथळा होता ‘पाळणाघर की कोंडवाडा?’ त्यात कोणाचंही नाव नव्हतं. त्याचा मला त्या वेळी अभिमान होता... आम्ही व्यक्तीवर नाही, वृत्तीवर टीका करतो! पण हसनाबादमध्ये वेचणीच्या काळात परक्यांची लेकरं सांभाळणारी बाई एकच होती, आणि अंधारी खोली, बांधलेलं लेकरू, रात्री किंचाळत उठणारी बालकं एवढं सगळं मी लिहिलेलं होतं. अण्णांनी कागद हातात घेतला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि परत दिला. आठवडी बाजारात मी स्वतः उभी राहून ते वाटलं. आमची पत्रकं लोक एरवी भजी बांधायला नेतात. हे पत्रक मात्र लोकांनी तिथंच उभं राहून वाचलं, घडी करून खिशात घातलं, घरी नेलं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. जे पत्रक लोकांना इतकं आवडतं, ते बहुतेक त्यांना आधीच मानायचं असलेलं काहीतरी सांगत असतं.

आठ दिवसांत मावशीकडची लेकरं निम्मी झाली, नंतर दोनच उरली. आम्ही आरूला पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. मी तिला घरी चित्रांची पुस्तकं दाखवायची, गाणी लावायची, अक्षरं गिरवून घ्यायची. दुपारी झोपू द्यायची नाही, म्हणजे रात्री गाढ झोपेल. झालं उलटंच. जे आठवड्यातून दोनदा व्हायचं ते रोज व्हायला लागलं. त्यावरही माझ्याकडं उत्तर तयार होतं. “मनात कोंडलेली भीती आता बाहेर पडतेय,” मी वहिनीला सांगायची. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. इकडं बाया पुन्हा लेकरं रानात न्यायला लागल्या होत्या, आणि एक दिवस बांधावर झोपवलेल्या सरपंचाला विंचू चावला. तो वाचला. दवाखान्यात त्याच्या उशाशी तीन दिवस कोण बसलं होतं, हे मी विचारलं नाही. रंजनानं नंतर सांगितलं... मावशी.

शेवटी वहिनीनं माझं ऐकणं बंद केलं आणि आरूला जालन्याच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. मी हट्टानं बरोबर गेले, माझी वही घेऊन. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ह्याला नाइट टेरर म्हणतात. मूल जागं झालेलं नसतं, गाढ झोपेतच असतं. म्हणून ते तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. तुम्हाला जितकी भीती वाटते तितकी त्याला वाटलेली नसते.” मी म्हणाले, “पण ती ‘सोड’ म्हणते.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “तेव्हा तिला कोणी धरलेलं असतं?”

मी तिचे पाय धरायची. रोज. घट्ट.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “दुपारी झोपते का?” “आता नाही,” वहिनी म्हणाली. “आधी झोपायची?” “हो, चांगली दोन तास.” “कुठं?” वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं. “एका मावशीकडं,” वहिनी म्हणाली. “अंधाऱ्या खोलीत.” “मग तिथंच झोपू द्यायचं होतं की,” डॉक्टर सहज म्हणाल्या. ताप येऊन गेला, झोप अपुरी राहिली, मूल फार दमलं, की हे वाढतं, एवढं साधं होतं ते. त्यांनी सांगितलं की उठवू नका, हलवू नका, धरू नका. फक्त पडणार नाही, कशावर आपटणार नाही एवढं बघत जवळ बसा. सकाळी त्याविषयी तिला काही विचारू नका. रात्री लवकर झोपवा. रोज ठरावीक वेळेलाच होत असेल तर काही दिवस त्याच्या थोडं आधी हलकेच चाळवून पुन्हा झोपू द्या. अंगाला झटके आले, शरीर ताठ झालं, किंवा दिवसाही असं काही दिसलं तर मात्र लगेच घेऊन या. नाहीतर वय वाढेल तसं हे आपोआप जाईल. निघताना त्या मला म्हणाल्या, “आणि ह्या वयाच्या मुलाला तोंडात उत्तर घालून प्रश्न विचारू नका. ते सगळ्याला हो म्हणतं.”

माझा त्यावर विश्वास बसेना. एसटीत वहिनीनं आरूला विचारलं, “आरू, मावशीच्या घरात हत्ती हाये का गं?” “हाये.” “काय करतो?” “चाय पितो.” “बशीत का कपात?” आरूनं विचार केला. “बशीत.” मागच्या सीटवरची बाई खो खो हसली. वहिनीही हसली, आणि हसता हसताच तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. त्या एसटीत माझ्या पत्रकाचा एकुलता एक पुरावा बशीतून चहा पीत होता.

मावशीकडं जायला मी आणखी पाच दिवस लावले. ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. “आली का पत्रकवाली!” तिनं तिथूनच आवाज दिला. “ये, बस. चाय पिती का? का त्याच्यात बी मी काही टाकलं म्हणून लिहिती?” रंजना दारात उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. मी खाली मान घालून बसले आणि कसंबसं विचारलं, “मावशी, ती पट्टी कशाला होती?”

“हे तवा इचारायचं ना माय,” ती म्हणाली. “माझं वय झालं. माझा डोळा लागला आन बारकं लेकरू उठून गेलं तं? एकदा हिरीवर बसलेलं बघितलंय मी. अंगठा वढला की मी जागी.”

“मावशी, चुकलं माझं.”

तिनं तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “मला सांगून काय उपेग? मी काय केलं न्हाई हे मला बराबर ठावकं व्हतं. ज्यांना न्हाई ठावकं, त्यांना सांग. बाजारात हुभी राहून वाटलंस ना? मंग बाजारातच सांग.” आणि रंजनाला हाक मारून, “चाय टाक गं. हिला बशीत दे,” म्हणाली. म्हणजे हत्तीची गोष्ट आरूनं तिच्यापर्यंत पोचवली होती. वहिनीनं आरूला तिच्याकडं पुन्हा पाठवायला सुरुवात केली होती, मला न विचारता. आरू तिथं पुन्हा दुपारचा पहारा द्यायला लागली, आणि महिन्या-दीड महिन्यात तिच्या रात्री शांत झाल्या. आता ती साडेपाच वर्षांची आहे. तिला ह्यातलं काही आठवत नाही.

मी मात्र बाजारात उभी राहिले नाही. लिहायला बसले, तीनदा बसले. पहिल्या पत्रकात नुसतं झोपेचं शास्त्र आलं, मावशी आलीच नाही. दुसऱ्यात ‘काही गैरसमज झाले’ असं वाक्य आलं... जणू ते आभाळातून पडले होते, कोणी केले नव्हते. तिसरं अर्धवट राहिलं, कारण मला जालन्याला नोकरी लागली. ही सगळी कारणं मी तपासून बघितली आहेत आणि मला एकही खरं वाटत नाही. पत्रक वाटणाऱ्या हाताला ते परत मागायची सवय नसते, हेच खरं. मावशीनं पुन्हा कधी विषय काढला नाही. बाजारात भेटली की एवढंच विचारायची, “काय माय, काय लिहून राह्यली?” ती ते टोचून म्हणायची की सहज, ह्याचा मला अजून उलगडा झालेला नाही. आणि आज ती नाही म्हणून हे लिहिणं सोपं गेलं का, हाही संशय मला आहे. तुम्हीही तो खुशाल घ्या.

तर ज्यांनी ‘पाळणाघर की कोंडवाडा?’ हे पत्रक वाचलं, घरी नेलं, दुसऱ्याला वाचून दाखवलं, त्या सगळ्यांना सांगते : ते खोटं होतं. ते मी लिहिलं होतं. लंकामावशीनं कोणत्याही लेकराला कधी भीती घातली नाही, काही पाजलं नाही, कोंडलं नाही.

परवा तिच्या घरी गेले होते. आतली खोली तशीच आहे, दुपारी बाराला काळोखी आणि गार. मावशीच्या जागेवर आता तिची सून, रंजनावहिनी, आडवी होते आणि म्हणते, “मला झोप आली, ध्यान ठेवा.” सध्या खुरपणी चालू आहे, तरी पहाऱ्याला दोनच लेकरं होती. दोन्ही झोपली होती. बाकीची अजून रानात बांधावर जातात, कारण माझा कागद अजून लोकांच्या डोक्यात आहे.

दसऱ्यानंतर वेचणी लागेल. हसनाबादच्या आणि आजूबाजूच्या आया-बहिणींना, आज्यांना माझी विनंती आहे, लेकरू रानात नेऊ नका, रंजनावहिनीकडं ठेवा. माझ्या शब्दावर ठेवू नका; माझ्या शब्दावर एकदा विसंबून बघितलंय तुम्ही. मनात शंका असेल तर दुपारी न सांगता तिच्याकडं जा, आत डोकवा, आणि जे विचारायचं ते तिलाच विचारा. फक्त चपला ओसरीखाली काढा आणि हळू बोला... लेकरं झोपलेली असतात.